दिवा घेतलेल्या स्त्रीच्या चेहऱ्यावर नेमका कोणता भाव आहे?

चाटीगल्लीकर: सोलापुरातील आमच्या दिवाणखान्यात सावळाराम हळदणकर यांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या चित्राची, वडिलांनी म्हैसूरहून आणलेली प्रत अनेक वर्षे लावलेली आहे. मला त्या स्त्रीचा चेहरा आशेने उजळलेला वाटतो, तर पत्नीच्या मते ती वाट पाहून थकलेली आहे. राजा रविवर्मा यांच्या या चित्रातील भाव जाणकार कसा ओळखतात?

जलरंग: आपण पहिल्याच वाक्यात हळदणकरांचे नाव घेतले आणि शेवटी चित्र रविवर्म्यांच्या पदरात टाकले! ही गल्लत फार जुनी आहे. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले; हे चित्र १९४५-४६ चे असून मूळ कृती म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. दिव्यासह उभी असलेली स्त्री म्हणजे हळदणकरांची मुलगी. चित्र जलरंगातील असल्यामुळे उजेडाची जागा आधीच राखावी लागते. तैलरंगासारखा पांढरा रंग नंतर वर चढवून तो साधत नाही. म्हणून चेहऱ्याआधी प्रकाश कोठे राखला आहे ते पाहावे. ज्योत हाताआड आहे, बोटांच्या कडा लालसर झाल्या आहेत आणि चेहऱ्यावर मंद उजेड आहे. ज्योत उघडी असती, तर खालून येणाऱ्या प्रकाशाने तोच चेहरा उग्र दिसला असता.

माळावरची: माझे मत थोडे वेगळे आहे. ‘होप’ हा शब्द आधी कानावर पडल्यामुळेच आपल्याला आशा दिसते. वीज गेल्यावर निरांजन घेऊन अंगण ओलांडून पाहा. ज्योत विझू नये म्हणून पंजा आडवा धरताच पावले सावकाश पडतात, श्वास मंदावतो आणि चेहरा आपोआप स्तब्ध होतो. त्या स्तब्धतेलाच आपण एकजण आशा म्हणता, दुसरे थकवा. मला तेथे केवळ जपणूक दिसते.

चाटीगल्लीकर: चुकीबद्दल क्षमस्व. चौकटीवरील नावाची पट्टी कागदाने झाकून आज आत्याला चित्र दाखवले. आशा किंवा दुःख यांपैकी एकही शब्द न उच्चारता ती म्हणाली, “दार लावा रे, वारा येतोय तिच्याकडे.”