मदत हवी आहे: भरलेली दहाचाकी बर्फाच्या चढावर जागेवरून हलवायची कशी? (तासगाव ते श्रीनगर)

द्राक्षवाट_तासगाव

नमस्कार मंडळी. आमची एकच गाडी आहे, दहाचाकी, २०२१ ची, बीएस-६. धाकटा भाऊ चालवतो, मी भाडी आणि हिशोब बघतो. गेल्या फेब्रुवारीत पहिल्यांदाच श्रीनगरचं भाडं घेतलं, तासगावची द्राक्षं. परतीला पुलवाम्याच्या लासीपोऱ्यातल्या शीतगृहातून सफरचंद मिळतं, म्हणून दोन्ही बाजूंनी गाडी भरून. हिशोबाला फेरी चांगली वाटली.

जम्मू-श्रीनगर रस्त्यावरचा नवयुग बोगदा २०२१ पासून चालू आहे, साडेआठ किलोमीटरचा, त्यामुळे जुन्या जवाहर बोगद्याइतकं वर चढावं लागत नाही असं सगळ्यांनी सांगितलं होतं. ते खरंच आहे. पण बोगद्याच्या तोंडापर्यंत चढ आहेच. बनिहालच्या पुढं संध्याकाळी बर्फ सुरू झाला, पुढची गाडी थांबली म्हणून भाऊ चढावरच थांबला. अर्ध्या तासानं रस्ता मोकळा झाला, तर आमची गाडी जागची हलेना. पहिला गिअर टाकून रेस दिली, चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडीचा मागचा भाग दरीच्या बाजूला सरकला. भावानं तिथंच सोडून दिलं. चाकाखाली पोती घातली, तर ती फर्रकन मागं फेकली गेली. मग एका पंजाबी ड्रायव्हरनं स्वतःची साखळी दिली. क्लिनरनं ती शेवटच्या चाकांना बांधली, कारण तिथं हात पोचत होता. तरी गाडी हलली नाही. तासाभरानं त्याच सरदारजींनी बॅटरी मारून दाखवलं, की फिरणारी चाकं मागच्या दोन एक्सलांपैकी पुढच्या, ओढणाऱ्या एक्सलची (हाऊसिंगची) आहेत आणि साखळी डमीला, म्हणजे नुसतं वजन पेलणाऱ्या शेवटच्या एक्सलला बांधली आहे.

ती रात्र त्यांनी केबिनमध्ये काढली. भावानं थंडीनं शेगडी पेटवली होती, हे मला घरी आल्यावर कळलं. त्या रात्री आईला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

या महिन्याच्या २२ तारखेला पुन्हा निघायचंय. आपल्याकडं बर्फ म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा लेकवर पहाटे दिसणारे हिमकण, एवढीच ओळख. म्हणून विचारतो: चढावर थांबलेली भरलेली गाडी नेमकी उठवायची कशी? साखळ्या किती जोड, कुठल्या चाकांना? टायरची हवा कमी करावी असं एकानं सांगितलं, ते बरोबर का? डिझेल, युरिया (बीएस-६ चा धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते द्रावण), ब्रेक यांचं काय? ज्यांनी स्वतः चालवलंय त्यांनी कृपया लिहा.

कुंभार्ली_उतार

दादा, हवा कमी करायचा सल्ला माझ्याही कानावर आला होता. मी कोयनेच्या बाजूला लाल चिखलात रिकाम्या गाडीला करून पाहिलंय, फरक पडतो. बर्फाचं माहीत नाही.

जुना_कॉनव्हॉय_सातारा

मी फौजेत गाडी चालवायचो, एएससीमध्ये, म्हणजे रसद पोचवणाऱ्या दलात. सोनमर्ग, झोजिला, द्रास हा रस्ता अनेक वर्षं केला. भावाला हे सगळं वाचून दाखवा, कारण गाडी त्याच्या पायात आहे.

आधी हवेचं. भरलेल्या गाडीची हवा काढू नका. टायर तापतो, कडेनं फाटतो, आणि त्या थंडीत पुन्हा हवा भरायला कोण येणार? चिखलात चालतं ते इथं चालत नाही.

काळ्या रानात उसाची ट्रॉली फसली की आपण पाचट टाकतो, दुसरा ट्रॅक्टर जोडतो आणि रेस देऊन ओढतो. चाक खाली खणत जातं, कठीण जमीन लागली की पकड मिळते. बर्फात खाली तसं काही नसतं. चाक फिरलं की घासून बर्फ वितळतो, पाण्याचा पातळ थर होतो, आणि चाक थांबलं की तोच गोठून काच होतो. म्हणजे प्रत्येक रेसला तुम्ही स्वतःच्या चाकाखालचा रस्ता आणखी गुळगुळीत करता. चाक एक पूर्ण फेरा रिकामं फिरलं, की पाय काढायचा. तुमच्या भावानं सोडून दिलं ते अगदी योग्य केलं, मागचा भाग एकदा दरीकडं निघाला की कुणाच्या हातात राहत नाही.

दुसरं, थांबलेल्या गाडीचे टायर गरम असतात. ते खालचा बर्फ थोडा वितळवतात, आणि मग टायर स्वतःच्याच वाटीत बसतो. म्हणून गाडी उठवण्याआधी फावड्यानं ती वाटी फोडायची, चाकाच्या पुढं हात-दोन हात बर्फ खरवडायचा आणि खडी किंवा जाड वाळू टाकायची. पोती नकोत, ती उडतात, मागं माणूस उभा असेल तर त्याला लागतात. मीठ थोड्या थंडीत काम करतं, पारा उणे सात-आठच्या खाली गेला की फार हळू.

मग गिअर. भरलेली गाडी पहिल्यात काढायची सवय असते. बर्फावर एक गिअर वरचा घ्या, म्हणजे चाकाला धक्का कमी बसतो. रेस जवळजवळ नाही, क्लच इतका हळू सोडायचा की गाडी कधी हलली ते कळू नये. जळका वास आला तर थांबा, क्लच प्लेट गेली तर तिथंच मुक्काम. स्टेअरिंग सरळ ठेवून निघा, वळवलेली पुढची चाकं गाडीला अडवतात.

पण खरी गोष्ट चढाच्या खाली ठरते. वर गाडी अडकलेली दिसली तर खालच्या सपाटीवर थांबायचं, पुढची गाडी पूर्ण चढून गेल्यावर मग सोडायची, आणि एकाच गतीत वर न्यायची. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. आम्हाला कॉनव्हॉयमध्ये दोन गाड्यांतलं अंतर राखलं नाही तर बोलणी खावी लागायची.

उतारावर एक्झॉस्ट ब्रेक बंद ठेवा. तो फक्त मागच्या ओढणाऱ्या चाकांना धरतो, आणि बर्फावर तेवढ्यानं ती चाकं घसरतात. कमी गिअर, हलका पाय, न्यूट्रल कधीच नाही.

शेगडीबद्दल. बंद केबिनमध्ये कोळशाच्या धुरातला वायू दिसत नाही, वासही येत नाही, माणूस झोपेतच जातो. भावाला शपथ घालून सांगा. जाड रजाई द्या, दोन द्या.

हाऊसिंग_मिरज

मिरजेत गॅरेज आहे. मेजरनी चालवण्याचं सांगितलं, मी गाडीचं सांगतो.

दहाचाकीत मागं दोन एक्सल असले तरी तुमच्या मॉडेलमध्ये ओढणारा एकच, त्या दोघांतला पुढचा. हिशोब बघा. गाडी भरून २८ टन धरू. स्टेअरिंगच्या एक्सलवर सात, मागच्या दोन्हींवर मिळून एकवीस, म्हणजे ओढणाऱ्यावर फक्त साडेदहाच्या आसपास. गुळगुळीत बर्फावर टायरची पकड वजनाच्या साधारण एक दशांश, म्हणजे ओढ एक टनाची. वीस मीटरला एक मीटर चढ असेल तर नुसतं मागं घसरू नये म्हणून १.४ टन ओढ लागते. म्हणजे इंजिन कितीही ताकदीचं असो, गाडी चढणारच नाही. दाबून बसलेल्या कोरड्या बर्फावर पकड दोन दशांशाच्या आसपास, तिथं जेमतेम चढते. शून्याच्या जवळचा ओला बर्फ सगळ्यांत वाईट, कडक थंडीतला त्यापेक्षा बरा. दुपारी वितळून संध्याकाळी गोठलेला रस्ता, सावलीतली वळणं आणि पूल, इथं भावाला सावध राहायला सांगा.

म्हणून साखळी ओढणाऱ्या एक्सललाच. जोडचाकात निदान बाहेरच्या टायरला, दोन्ही टायर धरणारी मिळाली तर उत्तम. टायरच्या मापाचीच घ्या. उतारासाठी डमीला एक जोड जादा असली तर ब्रेकला पकड मिळते. बांधल्यावर शंभर-दोनशे मीटरवर थांबून पुन्हा ताणा, आणि तीसच्या वर जाऊ नका.

तुमच्या गाडीला डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारी सोय) आहे का? नसेल तर एका बाजूचं चाक बर्फावर आणि दुसरं डांबरावर असलं, तरी ताकद घसरणाऱ्याकडंच जाते. अशा वेळी खडी घसरणाऱ्या चाकाखाली टाका. ओढणाऱ्या चाकांना रिमोल्ड (जुन्यावर नवा रबर चढवलेले) टायर असतील तर या फेरीला बदला.

हवेच्या टाक्या रोज संध्याकाळी ड्रेन करा, आत पाणी राहिलं तर व्हॉल्व्ह गोठतात. ओल्या ड्रमवर हँडब्रेक लावून रात्र काढली तर लायनर चिकटतात. सपाटीवर गाडी लावा, गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावा. युरिया उणे ११ ला गोठतो, पण त्याच्या टाकीला गरम करायची सोय असते, इंजिन चालू झालं की वितळतो. त्यात गरम पाणी वगैरे ओतू नका. डिझेल मात्र महत्त्वाचं. इथलं डिझेल तिथल्या थंडीत मेणासारखं होऊन फिल्टर तुंबवतं. टाकी कमी करत न्या आणि जम्मूच्या पुढं तिथल्या पंपावर भरा. रॉकेल मिसळायचा जुना उपाय बीएस-६ ला करू नका, इंजेक्टर जातील.

द्राक्षवाट_तासगाव

मेजर, मिरजकर काका, तुमचे उपकार. तुमचं लिहिणं प्रिंट काढून भावाला दिलंय, केबिनमध्ये चिकटवलंय.

डिफ लॉक नाही. डमी फिक्स आहे, उचलत नाही. ओढणाऱ्या चार टायरांपैकी दोन रिमोल्ड निघाले, ते बदलले. टायर १०.००-२० आहेत, त्या मापाच्या दोन जोड साखळ्या आणल्या. काल वखारीसमोर बांधायचा सराव केला. पहिल्यांदा ४० मिनिटं लागली आणि एक साखळी उलटी बसली. चौथ्यांदा १५ मिनिटांत झालं. मग क्लिनरला अंधारात, हातमोजे घालून बांधायला लावलं. ओढणाऱ्या हाऊसिंगवर पिवळा पट्टा मारलाय, आता चूक होणार नाही.

एक शंका राहिली. परतीला काझीगुंडच्या बाजूनं बोगद्याकडं चढताना बर्फ जास्त असतो असं ऐकलंय. तिथं साखळी श्रीनगरकडूनच बांधून यावं, की काझीगुंडला येऊन?

जुना_कॉनव्हॉय_सातारा

डांबर कोरडं असेल तर बांधून येऊ नका, साखळी तुटते आणि टायरही खराब होतो. काझीगुंडला सपाटीवर, चढ लागायच्या आत बांधा. बोगद्यात शिरण्याआधी सुरक्षित जागा बघून काढा, आत कोरडा रस्ता असतो. पलीकडं बर्फ असेल तर पुन्हा बांधायची, कंटाळा करायचा नाही. आणि निघायच्या दिवशी सकाळी ट्रॅफिक पोलिसांची सूचना बघूनच निघा, अवजड गाड्या बऱ्याचदा एकाच बाजूनं सोडतात. थांबायला सांगितलं तर थांबा. द्राक्षाचं नुकसान होईल म्हणून भावाला फोनवर घाई करू नका.

द्राक्षवाट_तासगाव

नाही करणार. गेल्या वर्षी मीच केली होती.

भाऊ जम्मूला पोचला की इथं लिहितो.