उंदराच्या जिभेतलं 'लोकलायझेशन': मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: एका शोधनिबंधाचा मराठी गोषवारा लिहिते आहे. विषय: कृंतकांच्या (उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या) विकसनशील जिभेच्या ऊतीतलं प्रथिनांचं लोकलायझेशन. स्थानिकीकरण, स्थाननिश्चिती की स्थानबद्धता?

उत्तर: स्थानबद्धता नको हो! प्रथिनाला अटक झाल्यासारखं वाटतं. स्थानिकीकरण हा शब्द सॉफ्टवेअरवाल्यांनी केव्हाच नेलाय.

आणखी एक उत्तर: एकच मराठी शब्द शोधत बसलात तर फसाल, कारण निबंधात हा शब्द निदान तीन अर्थांनी येतो.

संशोधक प्रतिपिंड (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारा रेणू, अँटिबॉडी) वापरून प्रथिन कुठे आहे ते शोधतो, ती त्याची कृती. तिला स्थाननिश्चिती शोभतं. प्रथिन अमुक जागी असणं ही मात्र वस्तुस्थिती आहे. तिथे 'आढळ' हा साधा शब्द पुरतो. बीटा-कॅटेनिन हे प्रथिन घ्या. ते पेशीपटलापाशी ई-कॅड्हेरिन या दुसऱ्या प्रथिनाला जोडलेलं असतं आणि व्हिंट (Wnt) हा पेशींमधला संदेश मिळाला की केंद्रकातही जमतं. जागा बदलली की कामही बदलतं, म्हणून 'पेशीतील स्थान' असं स्पष्ट लिहा.

तिसरा अर्थ जिभेच्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाचा. उंदराचा गर्भकाळ जेमतेम वीस दिवसांचा. साधारण अकराव्या दिवशी जिभेचे उंचवटे दिसू लागतात. तेव्हा सॉनिक हेजहॉग (हे खरंच एका प्रथिनाचं नाव आहे) जिभेच्या अभिस्तरात (वरच्या पेशीथरात) पसरट दिसतं. मग एक-दोन दिवसांत ते आक्रसून ठिपक्याठिपक्यांपुरतं उरतं, आणि त्या ठिपक्यांच्या जागी पुढे छत्राकार अंकुरक (जिभेवरचे छत्रीसारखे बारीक उंचवटे) उभे राहतात. इथे लोकलायझेशन म्हणजे व्याप्ती आटत जाणं. मी 'सीमित होणं' लिहीन. नामाचा हट्ट सोडला की मराठी मोकळी होते.

प्रश्नकर्ती: मग 'अभिव्यक्ती' (एक्स्प्रेशन) चालेल का? बऱ्याच ठिकाणी दोन्ही शब्द आलटूनपालटून दिसतात.

उत्तर: नाही! जनुकाची अभिव्यक्ती बहुधा संदेशवाहक आरएनएवरून ठरवतात, प्रथिनाचं स्थान प्रतिपिंडावरून. दोन्ही चित्रं जुळतीलच असं नाही. सॉनिक हेजहॉग तर स्रवणारं प्रथिन: तयार होतं अंकुरकाच्या जागच्या पेशींत, पण पॅच्ड हा त्याचा ग्राही (संदेश झेलणारं प्रथिन) शेजारच्या पेशींत आणि अभिस्तराखालच्या मध्योतीतही (मेसेन्काइम) असतो. तुमच्या निबंधात कोणती पद्धत आहे ते आधी बघा, शब्द मग.

प्रश्नकर्ती: प्रतिपिंडाचीच आहे. म्हणजे 'प्रथिनांचा आढळ'. आणि 'विकसनशील जीभ'?

उत्तर: विकसनशील देश असतात. जीभ 'घडणारी' किंवा 'वाढीच्या अवस्थेतील'.

आणखी एक उत्तर: 'भ्रूणाची जीभ' का नको? नेमकं आहे.

उत्तर: नमुने फक्त गर्भातले असतील तरच. उंदराच्या रुचिकलिका (चव ओळखणारे पेशींचे पुंजके) बऱ्याचशा जन्मानंतर परिपक्व होतात, त्यामुळे असे अभ्यास पुष्कळदा पिल्लांपर्यंत जातात. निबंधात जन्मानंतरचे दिवस दिले असतील, तर 'वाढीच्या अवस्थेतील' हेच ठेवा. आणि 'कृंतक' शीर्षकात असू द्या, पण आत उंदीर (माउस) की रॅट ते नीट पाहा. प्रयोगशाळेतल्या 'रॅट'ला काही जण घूस म्हणतात, पण घूस ही वेगळी जात आहे. मी सरळ 'रॅट' लिहितो.