अनुभव धागा : छताचं प्लास्टर कोसळलं तेव्हा

मागच्या आठवड्यात पहाटे आमच्या डोंबिवलीच्या घरात स्वयंपाकघराच्या छताचा दोन हात लांब पोपडा ओट्यावर कोसळला. इमारत 1982 ची. तासाभराने आई तिथेच चहा ठेवत असती. वर गंजक्या सळया दिसताहेत आणि प्रत्येक जण वेगळा सल्ला देतोय. तुम्ही हे कसं निस्तरलंत? चुकलेलंही लिहा.

—

आमच्या हॉलमध्ये हेच झालं. गवंड्याने दुसऱ्या दिवशी सिमेंट-रेती थापून दिली आणि दीड वर्षात तोच तुकडा पुन्हा खाली आला. मग इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी हातोडीने अख्खं छत ठोकून पाहिलं आणि जिथे पोकळ, ढब्ब वाजलं तिथे खडूने गोल काढले. आम्हाला एकच खड्डा दिसत होता, गोल निघाले सात! गंजलेली सळई फुगते आणि आतूनच काँक्रीटला ढकलते, म्हणून वरून लिंपून काही होत नाही. सातही जागा सळयांच्या मागपर्यंत फोडल्या, गंज तारेच्या ब्रशने घासला, गंजरोधक लावलं आणि पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-रेतीचा माल) थराथराने भरलं. पोकळ भाग पाडायला कंजुषी करू नका, हे कळकळीने सांगते.

—

आधी पाणी शोधा. आमचं मूळ वरच्यांच्या मोरीच्या जाळीपाशी होतं. वरच्या काकू फरशी फोडू देईनात. खाली आणून छत दाखवलं तेव्हा त्यांचेच डोळे भरले. तुम्ही शेवटच्या मजल्यावर असाल आणि गच्चीतून पावसाचं पाणी झिरपत असेल, तर आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, छताची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

—

गिरगावातल्या आमच्या चाळीत स्लॅबच नाही. लाकडी तुळया, खाली पट्ट्या, त्यावर चुन्याचा गिलावा. अशा घरात तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक आधी तपासा. आमच्याकडे स्क्रूड्रायव्हर बोटभर आत गेला. त्याच दिवशी टेकू लावले, गिलाव्याचं नंतर पाहिलं.

—

ओल आलेल्या छतातले दिवे-पंखे बंद ठेवा. वायरिंग स्लॅबमधूनच जातं.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. आज काठीने छत ठोकून पाहिलं. स्वयंपाकघरात तीन जागा पोकळ वाजल्या, आणि एक आईच्या पलंगाच्या बरोबर वर. पलंग हलवलाय. उद्या इंजिनिअर येताहेत.