गैरवापर, अपहार की ‘लाटणे’?

प्रश्न : ‘संस्थेच्या निधीचा गैरवापर केला’, ‘निधीचा अपहार केला’ आणि ‘निधी लाटला’ या तिन्ही वाक्यांचा अर्थ एकच का?

उत्तर : नाही. बातम्यांमध्ये हे शब्द सरसकट एकमेकांच्या जागी येतात, त्याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण मराठीने इथे फार बारकाईने भेद केलेला आहे.

पुस्तकखरेदीसाठी आलेले पैसे कार्यकारिणीने सभागृहाच्या रंगकामावर उडवले, तर तो गैरवापर. पैसे कोणी घरी नेलेले नाहीत, फक्त ज्या कामासाठी होते त्याला लागले नाहीत. तेच पैसे खजिनदाराच्या खात्यात गेले की झाला अपहार. अपहारात ‘हृ’ म्हणजे हरण करणे हा धातू आहे, त्यामुळे वस्तू मूळ मालकापासून गेली पाहिजे. म्हणूनच अधिकाराचा गैरवापर होतो, अपहार होत नाही. कायद्याच्या मराठीतही अपहार मालमत्तेचाच असतो. भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ मध्ये मालमत्तेचा अप्रामाणिकपणे केलेला अपहार होता आणि सोपवलेल्या मालमत्तेबाबतचा न्यासभंग, म्हणजे विश्वासघात, कलम ४०५ मध्ये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच कलमं ३१४ आणि ३१६ झाली.

आता ‘लाटणे’. हे क्रियापद मला तिघांत सर्वांत नेमकं वाटतं. आपण काय काय लाटतो ते पाहा : श्रेय, अनुदान, भूखंड, पुरस्कार. या सगळ्या गोष्टी कोणाला तरी रीतसर मिळायच्या असतात, आणि लाटणारा हक्कदाराचा आव आणून मध्येच त्या पदरात पाडून घेतो. गर्दीत कोणी पाकीट मारलं तर ‘पाकीट लाटलं’ असं आपण म्हणत नाही, कारण चोर हक्काचा आव आणत नाही. जोर करून जागा घेतली तर ती बळकावली. कागदपत्रं फिरवून स्वतःच्या नावावर करून घेतली तर लाटली. ‘हडपणे’ या दोन्हींना चालतं, म्हणून ते थोडं ढोबळ आहे. ‘ढापणे’ बोलण्यातलं, कल्पना, मजकूर, पेन यांच्यासाठी ठीक, पण तक्रार अर्जात नको.

तेव्हा ‘खजिनदाराने निधी लाटला’ चुकीचं नाही, पण रक्कम आधीपासून त्याच्याच ताब्यात होती हे सांगायचं असेल तर ‘अपहार केला’ हेच लिहावं.

उपप्रश्न : ‘गैरवापरणे’ असं क्रियापद का नाही?

‘गैर’ नामाला आणि विशेषणाला लागतं : गैरसमज, गैरसोय, गैरहजर. क्रियापदाला लागत नाही. म्हणून ‘चा गैरवापर करणे’ असंच म्हणावं लागतं. आणि त्यात हेतू किंवा निदान बेपर्वाई गृहीत असते. कोणी अजाणतेपणी औषध चुकीच्या वेळी घेतलं तर तो ‘चुकीचा वापर’. त्याला गैरवापर म्हटलं की माणसावर नसता आरोप होतो. हे लिहिणाऱ्यांनी जरूर पाळावं.

‘गैरफायदा’ मात्र वस्तूपेक्षा माणसाच्या किंवा परिस्थितीच्या दुबळ्या बाजूचा : भोळेपणाचा, विश्वासाचा, अडचणीचा. आणि तो करत नाहीत, घेतात.

‘दुरुपयोग’ अर्थाने गैरवापराच्या अगदी जवळ, फक्त अधिक ग्रांथिक. दुः + उपयोग अशी संधी असल्यामुळे त्यातला ‘रु’ ऱ्हस्वच. ‘दुरूपयोग’ हे लेखन चूक.

हिंदीतून येणाऱ्यांसाठी आणखी एक : तिकडे ‘अफरातफरी’ म्हणजे गोंधळ, पळापळ. मराठीत ‘अफरातफर’ म्हणजे पैशांचा किंवा मालाचा अपहार, त्यातही बहुधा हिशेबात फिरवाफिरव करून केलेला. ‘स्फोटानंतर अफरातफर माजली’ असं भाषांतर केलं तर मराठी वाचक आधी तिजोरीकडे बघेल.