पहिल्या सत्रात प्रश्नावली नकोच

कृष्णाकाठ (सातारा): माध्यम आणि संस्कृतीच्या अभ्यासक्रमात संशोधनपद्धतीचा विषय आला की आपल्याकडचा विद्यार्थी सर्वप्रथम गुगल फॉर्म तयार करतो, तो वर्गाच्या नि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकतो आणि आलेल्या उत्तरांवरून ‘जिल्ह्यातील तरुणांवर समाजमाध्यमांचा परिणाम’ ठरवून मोकळा होतो. माझे स्पष्ट मत असे, की पहिल्या सत्रात प्रश्नावलीला बंदीच असावी. त्याऐवजी विद्यार्थ्याने एका ठिकाणी जाऊन बसावे. उदाहरणार्थ, रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनच्या बगाडाला, म्हणजे तिथल्या यात्रेला जावे. चित्रण कोण करतो, मुंबईतल्या गावकऱ्यांना ते थेट कोण दाखवतो, कॅमेऱ्यासाठी कोणाला थांबवले जाते आणि कोणाला बाजूला सारले जाते, याची टिपणे त्याच रात्री लिहून काढावीत. विचारण्याजोगे प्रश्न अशा टिपणांतूनच सुचतात.

हळदपेठ (सांगली): सपशेल असहमत. दोष प्रश्नावलीचा नाही, नमुनानिवडीचा आहे. मतदारयादीतून यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, ४०० जण निवडले आणि ते सगळे भेटले, तर टक्केवारीत साधारण ५ टक्के इकडेतिकडे होईल असे धरता येते. आपणहून फॉर्म भरणाऱ्यांची संख्या ४,००० झाली तरी तो हिशेब लागू होत नाही. हे पहिल्या सत्रात शिकवायचे नाही, तर केव्हा?

१९५६ साली पुणे आकाशवाणीने पाच मराठी जिल्ह्यांत शेतकरी श्रोतामंडळांचा प्रयोग केला, त्यांत उत्तर साताराही होता. सुमारे १५० गावांतली मंडळे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. मंडळ नसलेल्या गावांतही प्रयोगाच्या आधी आणि नंतर प्रश्न विचारले, म्हणूनच ज्ञानात पडलेली भर नुसत्या रेडिओची की चर्चेची, हे सांगता आले. बगाडापाशी बसून हे कळले नसते.

कृष्णाकाठ: त्या प्रयोगात निरीक्षक मंडळांच्या बैठकांनाही जाऊन बसत, ते आपण वगळलेत. पुढे १९७५-७६मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोहोचवली गेली, तेव्हाही सर्वेक्षणाच्या जोडीला मानववंशशास्त्रज्ञ गावांत मुक्काम करून होते.

माणदेशी (म्हसवड): दोघांनाही माणसेच दिसतात, मजकूर दिसत नाही. ऊसदर आंदोलनाच्या बातम्या जिल्हा आवृत्तीत कोणत्या पानावर येतात आणि शेजारी कारखान्याची जाहिरात असते का, हे वाचकाला विचारून समजणार नाही. अंक काढून पाहावे लागतील. तेही सलग सात दिवसांचे नव्हेत. एका आठवड्यातला सोमवार, दुसऱ्यातला मंगळवार असा जुळवलेला आठवडा घ्यावा, नाहीतर एखाद्या सभेचा किंवा पुराचा आठवडाच वर्षभराचा नमुना होऊन बसतो.

अशा मोजणीतही एक फसगत आहे. बातमी आंदोलनाच्या बाजूची की नाही, हे दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे ठरवले आणि दोघांनीही ९० टक्के बातम्या ‘नाही’ या रकान्यात टाकल्या, तर त्याच प्रमाणात डोळे मिटून खुणा केल्या तरी ८२ टक्के ठिकाणी (दोघांचे ‘नाही’ ८१, दोघांचे ‘हो’ १) त्यांचे एकमत दिसेल. योगायोगाचा हा वाटा वजा करण्यासाठीच ‘कोहेनचा कप्पा’ (Cohen’s kappa) हा एकमत मोजणारा आकडा काढतात. आपल्याकडच्या किती प्रबंधांत तो असतो, हे मार्गदर्शकांनीच पाहावे.

हळदपेठ: कप्पा मान्य, पण रकाने कोण ठरवणार? बगाडाची बातमी धर्म, संस्कृती की वाहतूक? तिथे दोघांचे एकमत झाले, म्हणून रकाना योग्य ठरत नाही.

घाटमाथा (वाई): व्यवहाराचे बोला. पन्नास विद्यार्थी गावोगाव पाठवले तर त्यांची टिपणे वाचणार कोण? आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटात शिरून तिथले संदेश प्रबंधात छापायचे असतील, तर संमती कोणाची घ्यायची, ॲडमिनची की ज्याने लिहिले त्याची?

कृष्णाकाठ: संमती लिहिणाऱ्याचीच. ॲडमिनने गटात घेतले, एवढ्याने इतरांचे बोलणे छापण्याचा अधिकार मिळत नाही. टिपणांपुरते सांगायचे तर विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात, प्रत्येक जोडी एकाच प्रसंगाला पाठवावी, दोघांनी वेगवेगळे लिहावे आणि मग एकमेकांचे वाचावे. एकाने जे टिपले ते दुसऱ्याला का दिसले नाही, यावर वर्गात तासभर बोलणे होईल. मार्गदर्शकाने त्या चर्चेला बसावे. पन्नास वह्या घरी नेण्याची गरज नाही.

हळदपेठ: त्या वह्या किती जुळतात हे पाहायला लागलात, की पहिल्याच सत्रात मोजमाप आले. मग बंदी फक्त गुगल फॉर्मवर घाला; तिला माझा पाठिंबा आहे.