मदत हवी आहे : इंग्रजीतल्या 'रन'च्या अर्थांची मांडणी कशी करावी?

नमस्कार. इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांसाठी मी एक छोटा इंग्रजी-मराठी शब्दसंग्रह तयार करत असून 'रन' या क्रियापदापाशी काम अडले आहे. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद 'सेट'ची होती. पुढे नव्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने तिला मागे टाकले आणि एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले, असे २०११ मध्ये जाहीर झाले. मला पंधरावीस पुरेत, पण तेवढेही नीट लावता येत नाहीत.

बरेचसे अर्थ 'चालणे' आणि 'चालवणे' यांत सहज बसतात: यंत्र चालते, संस्था चालवतात, नाटक वर्षभर चालते. नाक मात्र वाहते, कपड्याचा रंग जातो आणि निवडणूक लढवली जाते. येथपर्यंत कर्ता आणि कर्म पाहून अर्थ ठरवता येतो.

खरी पंचाईत 'अप', 'डाउन', 'आउट' जोडले की होते. 'रन डाउन' बॅटरी म्हणजे उतरलेली, माणूस म्हणजे थकलेला, इमारत म्हणजे मोडकळीस आलेली. आणि गाडीने कुणाला 'रन डाउन' केले, तर धडक देऊन पाडले. 'ही रॅन अप अ हिल' म्हणजे तो टेकडी धावत चढला, तर 'ही रॅन अप अ बिल' म्हणजे त्याने बिल वाढवून ठेवले. दुसऱ्या वाक्यातला 'अप' उचलून 'ही रॅन अ बिल अप' असे म्हणता येते, पहिल्यातला हलवता येत नाही. म्हणजे एक 'अप' क्रियापदाचा आहे आणि दुसरा टेकडीचा. ही कसोटी मला फार आवडते, पण शाई 'रन आउट' झाली (म्हणजे संपली) किंवा सभा 'रन ओव्हर' झाली (म्हणजे ठरल्या वेळेपेक्षा लांबली), अशा वाक्यांत कर्मच नसल्यामुळे ती निरुपयोगी ठरते. (क्रिकेटमुळे 'रन आउट' सर्वांना पाठ असते, आणि म्हणूनच वाचणाऱ्याच्या मनात शाईसुद्धा धावचीत होते.)

शब्दकोशाचे किंवा अध्यापनाचे काम केलेल्यांना माझे दोन प्रश्न आहेत. अशा जोडक्रियापदांना स्वतंत्र नोंदी द्याव्यात की 'रन'खाली पोटनोंदी? विद्यार्थी 'रन'खालीच शोधेल असे मला वाटते, परंतु मग ती एकच नोंद दोन पाने व्यापते. दुसरे म्हणजे, कर्म नसलेल्या प्रयोगांसाठी विद्यार्थ्याला स्वतः वापरता येईल अशी एखादी सोपी कसोटी आपण वापरता का? असल्यास कृपया उदाहरणासह सांगावी.