हेवीवेट एमएमए: मिओचिचने पट्टा राखला तो कशाच्या जोरावर?

लालमाती_ते_मॅट

कुस्ती पाहणाऱ्या माणसाला एमएमएचा (ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळे चालणाऱ्या लढतींचा) हेवीवेट गट कोड्यात टाकतो. विजेतेपदाचा पट्टा एका कमरेला टिकतच नाही. यूएफसी या एमएमएच्या सर्वात मोठ्या संघटनेत स्टीपे मिओचिचने २०१६ मध्ये तेव्हाचा विजेता वेर्डुम याला ब्राझीलमध्ये जाऊन पाडले आणि त्यानंतर सलग तीनदा किताब राखला. या गटात सलग त्याहून जास्त कुणालाच जमलेले नाही. गडी गटातला सर्वात दणकट नव्हे, सर्वात चपळही नव्हे. शिवाय ओहायोत अग्निशमन दलात पॅरामेडिकची नोकरी सांभाळून खेळणारा.

दोन शंका आहेत. एका ठोशात संपू शकणाऱ्या लढतीत डोके ठिकाणावर राहावे यासाठी सरावात नेमके काय करतात? आणि १२५ किलो गटातला आपला एखादा पैलवान तिकडे वळतो म्हणाला, तर त्याने पहिले वर्ष कशावर घालवावे? 'मन खंबीर हवे' छापाची उत्तरे नकोत, कृपया.

पाचवी_फेरी

जानेवारी २०१८ची बोस्टनची लढत पाहा, बरेचसे उत्तर तिथेच आहे. समोर फ्रान्सिस एन्गानू. दोन महिनेही झाले नव्हते त्याने ओव्हरीम या नावाजलेल्या हेवीवेटला डाव्या अपरकटवर (खालून वर हनुवटीकडे जाणारा ठोसा) निजवून. मिओचिचने पहिल्या फेरीत जोराचे ठोसे खाल्ले, पण ठोशाला ठोसा देत बसला नाही. डोके हलवायचे, सरळ उजवा टाकायचा, एन्गानूचा मोठा स्विंग हुकला की कमरेत शिरायचे आणि जाळीवर दाबायचे. दुसऱ्या फेरीपासून एन्गानूची धाप ऐकू येईल इतकी वाढली. तिन्ही पंचांनी मिओचिचला ५०-४४ असे जिंकवले.

कारण साधे आहे. शंभर किलोच्या वरच्या माणसाला ठोसे मारण्यापेक्षा तितक्याच वजनाचा माणूस अंगावरून ढकलायला जास्त दम लागतो. एन्गानूने पहिल्या पाच मिनिटांत सगळे खर्च केले.

म्हणजे 'मानसिकता' म्हणतात ती या गटात अर्धी श्वासाची गोष्ट आहे. ती अशी घडवतात:

फेरी पाच मिनिटांची, विश्रांती एक मिनिटाची, हे माप सरावात मोडायचे नाही. दर फेरीला समोर ताजा गडी द्यायचा. हेवीवेट जोडीदार मिळत नाहीत ही सगळ्या जिमची रड असते, तेव्हा ९० ते ९५ किलोचे तिघे आळीपाळीने उभे करा. मिनिटभरात नाडी निदान ३० ठोक्यांनी उतरायला हवी. उतरत नसेल तर पुढची फेरी जोरात करण्यात अर्थ नाही. पाया कच्चा आहे, त्याला सायकल, स्लेड (वजन लादून ढकलायची घसरगाडी) आणि चढावरची चाल द्या. डांबरी रस्त्यावर मैलोन् मैल पळवू नका, गुडघे जातात.

लढतीच्या दिवशी आत जाण्याआधी घाम फुटेपर्यंत गरम व्हायचे, पॅडवर एक-दोन फेऱ्या जोरात मारून धाप लावून घ्यायची. अंग थंड असताना आत गेला की पहिल्या दोन मिनिटांत भीतीने जो झटका बसतो, त्यात दंड भरून येतात आणि हात खाली पडतात. फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात पहिले २० सेकंद कोपऱ्यातून कुणी बोलायचे नाही. नाकाने श्वास, लांब उच्छ्वास, घोटभर पाणी, मग एकच सूचना. तिघे एकदम ओरडले तर गड्याच्या कानात काहीच शिरत नाही.

उलट्या टोकाचे उदाहरणही एन्गानूच. त्यानंतर सहा महिन्यांनी डेरिक लुईसशी तो लढला, की नुसता उभा राहिला म्हणा. आधीच्या पराभवाची भीती सोबत घेऊन आत गेलो, हे त्याने स्वतःच जाहीरपणे मान्य केले. तीन फेऱ्या दम राखण्यातच गेल्या.

निकाल_डाव

वरचे पटते, पण सगळे श्रेय दमाला देऊ नका. ऑगस्ट २०१९, डॅनियल कॉर्मिएशी दुसरी लढत. पहिल्या लढतीत मिओचिच क्लिंच (उभ्याने एकमेकांना धरलेली पकड) सुटताना हात खाली ठेवून मागे सरकला आणि पहिल्याच फेरीत बाद झाला. दुसऱ्या वेळी तीन फेऱ्या कॉर्मिएचाच वरचष्मा होता. चौथ्या फेरीत मिओचिचने डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बरगडीखाली, यकृताच्या बाजूला मारायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा तोच. कॉर्मिए हात पुढे धरून डोके वाचवत होता, त्यामुळे कोपर बरगडीवर नव्हते. पोट वाचवायला कोपर खाली आले आणि वरून उजवे ठोसे बसले. ४ मिनिटे ९ सेकंदांवर खेळ संपला. हरत असताना घाई न करता एक फट हेरून तिथेच मारत राहणे, मला विचाराल तर खरी मानसिकता ती.

आणि त्याचा कमकुवत भागही सांगायला हवा. मार्च २०२१ मध्ये एन्गानूशी दुसरी लढत. मिओचिच १०६ किलोचा, एन्गानू ११९चा. पट काढायला (पाय धरून पाडायला) मिओचिच लांबून आला, एन्गानूने पाय मागे फेकून अंग टाकले आणि डाव तिथेच मेला. समोरचा तीन वर्षांत बचाव शिकून आला होता. दुसऱ्या फेरीत ५२ सेकंदांत मिओचिच बाद. पुढची लढत थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी जॉन जोन्सशी. तिसऱ्या फेरीत पोटावर फिरती लाथ बसली आणि तिथेच निवृत्ती. साडेतीन वर्षांची विश्रांती मेंदूला बरी, पण अंतराचा अंदाज आणि डोळ्याचा वेग तेवढ्यात गंजतात. रँडी कुटूरने ४३ व्या वर्षी, २००७ मध्ये हाच किताब जिंकला होता, म्हणून नुसते वय काढू नका.

लालमाती_ते_मॅट

बरगडीचा मुद्दा लक्षात आला नव्हता, पुन्हा पाहतो. पैलवानाचे मात्र राहिले.

एकेरी_पट

घ्या. रस्ता चालून गेलेले लोक आहेत. कॉर्मिए २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि एमएमएत तिशीत उतरला. कॅनडाचा अर्जन भुल्लर २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १२० किलो फ्रीस्टाइलचा सुवर्णविजेता; मे २०२१ मध्ये त्याने वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए संघटनेचा हेवीवेट किताब घेतला.

आपल्या पैलवानाची खोड मोडायला सर्वात अवघड ती ही: पाठ लागू द्यायची नाही म्हणून तो पोटावर पालथा होतो. कुस्तीत ते बरोबर. एमएमएत पालथा पडलेला माणूस म्हणजे मागून गळा घोटण्याचे आमंत्रण. इथे पाठ टेकली म्हणून कुणी चितपट होत नाही. म्हणून पहिले तीन महिने जमिनीवरच: कंबर सरकवून कुशीवर येणे, खालचा हात बगलेत घालणे, जाळीला पाठ लावून उठणे.

दुसरी खोड डोक्याची. पट काढताना डोके बाहेर आणि खाली राहिले की गिलोटिन (समोरून काखेत मान आवळण्याचा डाव) लागते. डोके समोरच्याच्या बरगडीला चिकटलेले आणि नजर वर हवी. पट लांबून मारायचा नाही. जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) दाखवायचा, समोरच्याचे हात वर गेले की शिरायचे.

तिसरे, ठाण, म्हणजे उभे राहण्याची ढब. पैलवान खडाखडीत वाकून पुढच्या पायावर भार देतो, तोच पाय पोटरीवरच्या लाथांनी निकामी होतो, कारण भार असलेला पाय वेळेत उचलता येत नाही. आणि खाली वाकलेल्या तोंडाला अपरकट आयताच मिळतो. ठाण चार बोटे वर आणायला सहा महिने लागतात. तोवर स्पॅरिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) हलके, हातमोजे १६ औंसांचे, जोरात फक्त आठवड्यातून एकदा.

वजनाचे. मर्यादा १२०.२ किलो. १२५ चा गडी पाणी तोडून पाच किलो काढेल, पण तसे करू नये. २००८ ला बीजिंगमध्ये वजन काढतानाच कॉर्मिएची मूत्रपिंडे बंद पडली आणि ऑलिंपिक हुकले. वर्षभरात चरबी उतरवून ११२ ते ११५ वर यावे. खुराकातले तूप आणि दूध आधी निम्मे करा, प्रथिने तशीच ठेवा.

पाचवी_फेरी

एक भर. करार 'उतरण्याचे इतके आणि जिंकल्यास तितकेच आणखी' असा असतो, म्हणजे हरला की निम्मे. त्यातून मॅनेजरचे १० ते २० टक्के, जिमचा वाटा, कर आणि एमआरआय-रक्त-डोळे तपासण्यांचा खर्च. वर्षाला दोन-तीनच लढती मिळतात. मिओचिचने नोकरी सोडली नाही ती उगाच नाही. आपल्या पैलवानानेही रेल्वे-पोलिसातली नोकरी असेल तर राजीनाम्याआधी खात्याची परवानगी विचारावी. बाद झाल्यावर डॉक्टर ६० ते ९० दिवस लढतीला बंदी घालतात. ती सरावालाही लावा, खास करून डोक्यावरच्या ठोशांना. या गटात दोन-तीन मोठ्या नॉकआउटनंतर साधा जॅबसुद्धा गुडघे वाकवतो.